शाळा चांगली, पण कोणासाठी?

जून महिना जवळ आला की घरोघरी एक प्रश्न ऐकू येतो. "काय हो, ती मोठी शाळा कशी आहे?" विचारणारा असतो एखाद्या मुलाचा बाप, नाहीतर आई. शाळा म्हणजे गावातले ते मोठे हायस्कूल, दीड-दोन हजार मुलांचे, लांबलचक इमारतीचे. एक गृहस्थ सांगतात, "डोळे झाकून नाव घाला. तिथली मुलं डॉक्टर झाली, इंजिनियर झाली." दुसरे हात झटकतात, "छे हो! एवढा बाजार भरलेला. मास्तरांना पोराचं नावसुद्धा ठाऊक नसतं." दोघेही त्याच गावचे. दोघांचीही मुले त्याच शाळेत शिकलेली. दोघांनाही खोटे बोलण्याचे कारण नाही. ऐकणारा बिचारा गोंधळतो, आणि शेवटी फाटकावरच्या फळ्यावर लिहिलेला निकालाचा शेकडा आकडा पाहून नाव घालून मोकळा होतो.

एकाच शाळेविषयी दोन भल्या माणसांची अशी उलट मते कशी होतात, याचा आज थोडा विचार करू. दोघांपैकी एकाचे चुकते, की दोघांचेही खरे असते? या प्रश्नाचा उलगडा करायला मी मुद्दाम एक लांबची शाळा घेणार आहे, अमेरिकेतली. एक तर परगावची गोष्ट असली म्हणजे आपल्यापैकी कोणाचा कान टोचला जात नाही. दुसरे म्हणजे, त्या शाळेविषयी गेली जवळजवळ शंभर वर्षे लोक उघडपणे भांडत आले आहेत, त्यामुळे तिचा हिशेब मांडणे सोपे जाते.

ही शाळा म्हणजे आर्कान्सा राज्याची राजधानी लिटल रॉक, तेथील सेंट्रल हायस्कूल. सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी, सार्वजनिक शाळा. तिची इमारत १९२७ साली पुरी झाली. पंधरा लाख डॉलर खर्च आला, आणि त्या काळी एका शाळेवर एवढा पैसा म्हणजे डोळे विस्फारण्यासारखी गोष्ट होती. इमारत दोन मोठ्या चौकांएवढी लांब, शेकडो मुलांची सोय एका वेळी होईल असे सभागृह, प्रयोगशाळा, मोठे क्रीडांगण. देशातील सर्वांत सुंदर शाळा म्हणून तिची वाखाणणी झाली. लिटल रॉकच्या माणसाला त्या वेळी विचारले असते, "तुमची शाळा कशी आहे?" तर त्याने छाती पुढे काढून उत्तर दिले असते.

पण हे उत्तर गावातल्या गोऱ्या माणसाचे. त्या शाळेत कृष्णवर्णीय मुलाला प्रवेशच नव्हता. त्यांच्यासाठी १९२९ साली डनबार हायस्कूल नावाची वेगळी शाळा उघडली. तिला खर्च आला सुमारे चार लाख डॉलर, आणि त्यातही काही भाग बाहेरच्या धर्मादाय निधीतून आलेला. डनबारचे शिक्षक तळमळीने शिकवीत, त्या शाळेचे नाव त्यांच्या समाजात आदराने घेतले जाई. तरी गाव एक, कर सगळ्यांचा, आणि इमारती मात्र दोन भावांच्या! तेव्हा "शाळा कशी आहे?" या साध्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न पहिल्यापासूनच दडलेला होता. शाळा चांगली, पण कोणासाठी?

पुढची हकीकत पुष्कळांच्या कानांवर असेल. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की वंशभेदाने वेगळ्या ठेवलेल्या सार्वजनिक शाळा घटनेला धरून नाहीत. त्यानुसार सप्टेंबर १९५७ मध्ये नऊ कृष्णवर्णीय मुले सेंट्रलमध्ये जायला निघाली. गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी राज्याचे नॅशनल गार्डचे शिपाई दारावर उभे केले. ४ सप्टेंबरला पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड ही मुलगी एकटीच शाळेकडे आली. समोर संगिनी, मागे ओरडणारा जमाव. तो फोटो जगभर गेला. अखेर अध्यक्ष आयझेनहॉवर यांना १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक पाठवावे लागले, आणि २५ सप्टेंबरला ती नऊ मुले सैनिकांच्या पहाऱ्यात पुढच्या दाराने शाळेत शिरली.

येथपर्यंतची गोष्ट सर्वजण सांगतात. मला सांगायची आहे ती दाराच्या आतली गोष्ट. त्या मुलांना प्रवेश मिळाला खरा, पण वर्ग सोडून शाळेतल्या इतर कोणत्याही उपक्रमात भाग घेण्याची मोकळीक मिळाली नाही. खेळाचा संघ नाही, गायनाचे पथक नाही, विद्यार्थी मंडळ नाही. म्हणजे ज्या गोष्टींनी शाळा ही शाळा होते, त्यांतल्या निम्म्याशिम्म्या गोष्टी त्यांच्यासाठी बंदच राहिल्या. तरीही त्या नवांपैकी अर्नेस्ट ग्रीन या विद्यार्थ्याने मे १९५८ मध्ये शेवटचे वर्ष पुरे करून पदविका घेतली. सेंट्रलमधून बाहेर पडलेला तो पहिला कृष्णवर्णीय पदवीधर. समारंभाला मार्टिन ल्यूथर किंग प्रेक्षकांत बसले होते.

आणि पुढच्या वर्षी काय झाले? १९५८-५९ सालात गावातली चारही सरकारी हायस्कुले गव्हर्नरने बंदच करून टाकली. एकत्र शिकण्यापेक्षा कोणीच न शिकलेले बरे, असा हा हिशेब. सुमारे साडेतीन हजारांवर मुलांची शाळा बुडाली. शिक्षक पगारापुरते रिकाम्या वर्गांत येऊन बसत. गंमत म्हणा की शोकांतिका म्हणा, शाळेचे फुटबॉलचे सामने मात्र चालू होते! ज्यांच्या घरी पैसा होता, पाहुणे होते, त्यांनी मुलांना खाजगी शाळेत किंवा परगावी धाडले. कृष्णवर्णीय मुलांपैकी पुष्कळांना कोठेच शाळा मिळाली नाही. १९५९ च्या ऑगस्टमध्ये शाळा पुन्हा उघडल्या.

आता मधली वर्षे ओलांडून अलीकडे येऊ. सेंट्रल हायस्कूल आजही चालू आहे. १९९८ साली ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाली. पाहायला प्रवासी येतात, आणि त्याच वेळी आत घंटा होऊन तास चालू असतात. शाळेत कृष्णवर्णीय मुले आता मूठभर नाहीत. पन्नासाव्या वर्षी, २००७ साली, ती निम्म्याहून अधिक होती. याच शाळेतली मुले पुढे मोठ्या विद्यापीठांत जातात, राष्ट्रीय गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या स्पर्धेत झळकतात. 'न्यूजवीक' साप्ताहिकाने देशातील उत्तम सरकारी हायस्कुलांची यादी छापायला सुरुवात केली, तीतही सेंट्रलचे नाव आले. तेव्हा एक पक्ष म्हणतो, "पाहा, जिथं संगिनी रोखल्या होत्या तिथं आज देशातलं एक नामांकित हायस्कूल उभं आहे." हे मत खोटे नाही.

पण त्याच २००७ साली ब्रेंट आणि क्रेग रेनो या दोघा भावांनी या शाळेवर एक माहितीपट काढला. हे दोघे लिटल रॉकचेच. कॅमेरा घेऊन ते वर्गावर्गांतून हिंडले. त्यांना काय दिसले? वरच्या दर्जाच्या वर्गांत बहुतेक मुले गोरी. साध्या वर्गांत बहुतेक मुले कृष्णवर्णीय. इमारत एक, फाटक एक, घंटा एक, पण आत जणू दोन शाळा. म्हणून दुसरा पक्ष म्हणतो, "दार उघडलं, पण जिना कुठं आहे?" हेही मत खोटे नाही.

आता ती यादी कशावरून बनत होती, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट नावाची सोय आहे. हायस्कुलातच कॉलेजच्या तोडीचा विषय शिकायचा, आणि वर्षाअखेर देशभर एकच असणारी परीक्षा द्यायची. यादी करणाऱ्यांनी सोपा हिशेब केला. शाळेतल्या मुलांनी अशा परीक्षा किती दिल्या, त्या संख्येला त्या वर्षी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संख्येने भागायचे. हेतू वाईट नव्हता. अवघड विषयाचे दार शाळा किती जणांना उघडते, हेच त्यांना मोजायचे होते. पण आपण जरा पाटीवर गणित मांडून पाहू. समजा, एका शाळेतून शंभर मुले बाहेर पडतात. त्यांतल्या तीस मुलांनी प्रत्येकी सहा परीक्षा दिल्या आणि बाकीच्या सत्तरांनी एकही दिली नाही. भागाकार येतो जवळजवळ दोन. म्हणजे दरडोई दोन परीक्षा! आकडा झळाळतो, शाळेचे नाव यादीत येते, आणि ती सत्तर मुले त्या आकड्यात कोठेच दिसत नाहीत. सरासरीचा हा जुनाच खेळ आहे. नदीची सरासरी खोली कंबरभर म्हणून पोहता न येणाऱ्याने तीत उतरू नये, हे आपल्याला ठाऊक असतेच.

मग एका छपराखाली दोन शाळा तयार होतात तरी कशा? यात दरवेळी कोणाचा दुष्टावा असतोच असे नाही. उदाहरणार्थ गणित घ्या. बारावीत कॅल्क्युलस शिकायचे तर बहुधा आठवीतच बीजगणित व्हावे लागते. आठवीत बीजगणित हवे, तर सहावी-सातवीतच मुलाचा पाया पक्का हवा. म्हणजे सतराव्या वर्षीची बाकाची जागा अकराव्या-बाराव्या वर्षीच ठरू लागते. ज्या घरात आईबाप कॉलेजला गेलेले आहेत, त्यांना ही साखळी ठाऊक असते. ते वेळेवर शाळेत जातात, चौकशी करतात, हट्ट धरतात. ज्या घरात दोन पाळ्यांचे काम आहे, तेथे ही बातमी पोचते तेव्हा गाडी सुटलेली असते. शाळा मोठी असली म्हणजे निवडीला वाव मोठा. पण निवड करायला माहिती लागते, आणि माहिती घरातून येते. मोठ्या शाळेचा हा गुण आणि हाच दोष.

या बाबतीत जाणत्या लोकांनी काय म्हटले आहे, तेही थोडक्यात सांगतो. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष राहिलेले जेम्स कोनंट यांनी १९५९ साली अमेरिकन हायस्कुलांवर एक पुस्तक लिहिले. ते मोठ्या शाळेचे पुरस्कर्ते. शाळा फार लहान असेल तर परकीय भाषा, वरचे गणित, पदार्थविज्ञान शिकवायला शिक्षक परवडत नाही, हा त्यांचा मुद्दा. पण त्यांनी एक अट घातली होती, ती पुष्कळजण विसरतात. मुलांचे गट पाडायचे ते विषयवार पाडा, एकदाच शिक्का मारून सगळ्या विषयांसाठी नव्हे. गणितात मागे असलेला मुलगा इतिहासात पुढे असू शकतो. आणि रोज हजेरीसाठी जमायचा वर्ग, तसाच शेवटच्या वर्षाचा नागरिकशास्त्राचा वर्ग, हे सरमिसळ ठेवा, म्हणजे सगळ्या थरांतली मुले एकमेकांशेजारी बसतील.

१९६४ साली बार्कर आणि गंप या दोघा अभ्यासकांनी कॅन्सस राज्यातल्या लहान-मोठ्या शाळांची तुलना केली. मोठ्या शाळेत उपक्रम अधिक, हे उघडच होते. पण दर मुलामागे जबाबदारीची कामे पाहिली तर लहान शाळा पुढे निघाली. लहान शाळेत नाटकाला माणसे कमी पडतात, म्हणून लाजऱ्या पोरालाही ओढून उभे करतात. मोठ्या शाळेत तेच पोर चार वर्षे प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवते. आणि १९६६ साली जेम्स कोलमन यांचा गाजलेला अहवाल आला. त्यातून दिसले ते असे, की मुलांच्या प्रगतीतला फरक एका शाळेत आणि दुसऱ्या शाळेत जेवढा असतो, त्याहून पुष्कळ मोठा फरक एकाच शाळेतल्या मुलामुलांत असतो. आपले ते दोन गृहस्थ आठवतात ना? त्यांच्या भांडणाचे मूळ येथे आहे. ते एकाच शाळेविषयी बोलत नव्हतेच. एकजण एका जिन्याने चढलेल्या मुलाचा बाप होता, दुसरा तळमजल्यावर राहिलेल्या मुलाचा.

येथे एक बाजू न्यायाने मांडली पाहिजे. कोणी म्हणेल, मग हे वरचे वर्ग मोडूनच टाका. सगळ्यांना एकत्र बसवा. पण तसे केले तर दोन गोष्टी संभवतात. ऐपतीचे पालक मुले काढून खाजगी शाळेत घालतात, आणि सरकारी शाळेच्या बाजूने बोलणारा आवाज गावात क्षीण होतो. दुसरे असे, की गरीब घरातल्या हुशार मुलाला अवघड विषय फुकट शिकायची जागा दुसरीकडे कोठेच नसते. वरचा वर्ग मोडला तर सर्वांत मोठे नुकसान त्याचेच. तेव्हा जिना मोडून उपयोग नाही. तो रुंद करायला हवा, आणि त्याच्या खालच्या पायऱ्या शाबूत ठेवायला हव्यात.

श्रोतेहो, आता थोडे आपल्याकडे पाहू. आपल्याकडे त्या देशासारखा वंशाचा प्रश्न नाही, पण तुकडीचा आहे. मोठ्या हायस्कुलात अ, ब, क, ड अशा तुकड्या असतात. पुष्कळ ठिकाणी त्या मार्कांवरून पाडतात. अ तुकडीला शाळेतले नावाजलेले मास्तर, प्रयोगशाळेचा पहिला तास, शिष्यवृत्तीचे जादा वर्ग. ड तुकडीला नवा उमेदवार, नाहीतर ज्याचा तास रिकामा असेल तो. मुलगा मैदानावर नाव सांगताना तुकडी सांगायला कचरतो, यातच सगळे आले. हेडमास्तरांची अडचण मला कळते. साठ मुलांच्या वर्गात एकाला अपूर्णांक येत नाहीत आणि दुसरा समीकरणे सोडवतो, अशा वेळी मास्तरांनी करावे तरी काय? पण अडचण खरी असली म्हणून पाचवीत पडलेली चिठ्ठी दहावीपर्यंत तशीच ठेवण्याचे समर्थन होत नाही.

आणि तो फाटकावरचा आकडा! 'एस.एस.सी. निकाल १०० टक्के.' अभिनंदन करावे, जरूर करावे. पण शंभर टक्के कशाचे, हेही विचारावे. समजा, आठवीत शंभर मुले होती. नववीत काही मागे ठेवली, काहींची नावे निघाली, काहींना बाहेरून बसा म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरायला सुचवले. उरली सत्तर, ती सत्तरही पास झाली. निकाल शंभर टक्के, आणि तीस मुले हिशेबाबाहेर. सगळ्या शाळा असे करतात, असे मी म्हणत नाही. शेवटच्या मुलासाठी संध्याकाळी दिवे लावून शिकवणारे शिक्षक आपल्याकडे आहेत, आणि त्यांच्या शाळेचा निकाल कदाचित ऐंशी टक्केच लागतो. नुसता आकडा वाचणाऱ्याला या दोन शाळांतला फरक कळत नाही, आणि अनेकदा तो उलटाच कळतो.

तेव्हा उद्या तुम्ही एखाद्या मोठ्या शाळेची चौकशी करायला जाल, तेव्हा "शाळा कशी आहे?" हा मोघम प्रश्न बाजूला ठेवा. चार नेमके प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: शेवटच्या तुकडीला गणित आणि इंग्रजी कोण शिकवतात, आणि ते किती वर्षे शिकवत आहेत?

दुसरा: तुकडी बदलते का? गेल्या वर्षी खालच्या तुकडीतून वर गेलेली मुले किती? एकही नसेल तर तुकड्यांमध्ये भिंत आहे असे समजावे.

तिसरा: आठवीत नाव घातलेल्या मुलांपैकी दहावीच्या परीक्षेला याच शाळेतून किती बसली? निकालाचा आकडा त्यानंतर ऐकावा.

आणि चौथा: सगळ्या तुकड्यांची मुले एकत्र केव्हा येतात? खेळात, प्रयोगशाळेत, संमेलनाच्या नाटकात ड तुकडीतल्या मुलाच्या वाट्याला बोलायचे काम येते, की फक्त पडदा ओढायचे?

हे प्रश्न विचारायला मोठी विद्वत्ता लागत नाही, आणि चांगल्या हेडमास्तरांना त्यांचा राग येत नाही. उलट, असे विचारणारा पालक भेटला तर त्यांना बरेच वाटेल. अडचण एवढीच, की जो बाप आधीच जागरूक आहे तोच हे विचारील. म्हणून ज्यांना विचारता येते त्यांनी आपल्या मुलापुरते न विचारता शेजारच्या मोलमजुरी करणाऱ्या बाईच्या मुलासाठीही विचारावे. पालकसभेला जावे, आणि आपला मुलगा अ तुकडीत असला तर ड तुकडीचा प्रश्न आवर्जून मांडावा.

लिटल रॉकची ती शाळा या बाबतीत एक चांगली गोष्ट करते, ती सांगून थांबतो. तेथील नववीच्या मुलांनी २००४ सालानंतर एक उपक्रम हाती घेतला. आपल्या घरातल्या आणि ओळखीतल्या वडीलधाऱ्यांना जुन्या दिवसांविषयी विचारायचे, आणि ते लिहून काढायचे. त्यात दोन्ही बाजूंची माणसे बोलली. आत शिरण्यासाठी झगडलेली, आणि त्या वेळी गप्प बसलेलीही. मुलांनी ते सगळे लिहून ठेवले, त्याची पुस्तके झाली. आपल्या शाळेविषयी दोन मते आहेत, हे त्या शाळेने लपवले नाही. ती दोन्ही मते तिने मुलांच्याच वह्यांत उतरवून घेतली. मोठ्या शाळेला हे जमले, की तिच्याविषयी गावात मतभेद आहेत याची भीती बाळगण्याचे कारण राहात नाही. मतभेद आहेत याचा अर्थ कोणीतरी अजून तळमजल्यावर उभा आहे, आणि तो तिथे आहे हे गावाला दिसते आहे. तो दिसेनासा झाला, तर मात्र काळजी करावी.